तळाचा ठाव : केनेट-एव्हन कालव्यावर मामांबरोबर चार दिवस

पहिला दिवस, १५ जून

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या माझ्या घरापासून प्युझी हे गाव जेमतेम तीस किलोमीटर. मार्लबरो मागे टाकलं की टेकड्यांवरचा रस्ता उतरणीला लागतो आणि समोर प्युझीचं खोरं पसरतं. गव्हाची शेतं, चुनखडीच्या हिरव्या टेकड्या, आणि मधून झाडांची एक लांब रांग. त्या रांगेच्या पोटात केनेट अँड एव्हन कालवा आहे. शेजारी मामा बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात हळद आणि हिंग घालून घट्ट मळलेली कणीक. इथे मासे ब्रेडवर आणि मक्याच्या दाण्यावर धरतात हे मी सांगून पाहिलं होतं. "असू दे. आपली कणीक आपल्यापाशी असावी," म्हणाले.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. वय ६८. एसटीत कंडक्टर होते, आता भिगवणला असतात. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जायचो आणि ते पहाटे उठवून उजनीच्या काठावर न्यायचे. माझ्या हातात पहिला गळ त्यांनी दिला. पुढे मी इकडे आले, आठ वर्षांपूर्वी एका शेजाऱ्यामुळे टेंच नावाच्या माशाच्या नादी लागले, आणि तेव्हापासून मनात होतं की मामांना एकदा हा मासा दाखवायचा. यंदा ते तीन आठवड्यांसाठी आले. त्यातले चार दिवस मी आधीच बाजूला काढून ठेवले होते.

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात काठी टाकायची तर तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा परवाना लागतो. पाहुण्यालाही. मामांसाठी आठ दिवसांचा काढला. शिवाय कालव्याचा हा तुकडा ज्या क्लबकडे आहे त्यांचा रोजचा पास वेगळा. मामांनी दोन्ही कागद नीट वाचायला लावले आणि घडी करून खिशात ठेवले. तिकीट तपासायला कुणी आलं तर आपलं तिकीट हजर पाहिजे, ही त्यांची जुनी सवय.

तारीख मुद्दाम धरली होती. इथल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून मासेमारी बंद असते, १६ जूनला उघडते. तळी आणि कालवे पूर्वी याच नियमात होते. बहुतेक तळ्यांवरची बंदी १९९५ मध्ये उठली, कालव्यांवरची २००० मध्ये. म्हणजे मी मे महिन्यातही येऊ शकले असते. पण जुनी माणसं अजून सोळा तारखेची वाट बघतात, आणि मलाही ती वाट बघणं आवडतं. मामांना हे लगेच पटलं. "आपल्याकडं बी जून-जुलै समुद्र बंद असतोय की. माशाला बी उसंत पाहिजे."

प्युझीत एका बाईंच्या घरी दोन खोल्या घेतल्या होत्या. सामान टाकलं आणि संध्याकाळी पाण्यावर गेलो. आज मासे धरायचे नव्हते. आज फक्त तळ मोजायचा होता.

हा कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला. ब्रिस्टलपासून रेडिंगपर्यंत ८७ मैलांचा जलमार्ग. पुढे रेल्वेने त्याचं पोट मारलं, तो गाळाने भरला, कोरडा पडला, आणि लोकांनी वर्षानुवर्षं खपून साफ केल्यावर १९९० मध्ये परत उघडला. वूटन रिव्हर्सपासून डिव्हायझेसपर्यंत १५ मैलांत त्याला एकही लॉक, म्हणजे नावा वरच्या-खालच्या पातळीला नेणारी दारं, नाही, म्हणून इथले लोक याला लाँग पाउंड म्हणतात. पाणी जवळजवळ उभं. टेंचला असंच पाणी लागतं : संथ, कोमट, तळाशी मऊ गाळ, काठाला पाणवनस्पती.

वरून बघितलं तर कालवा म्हणजे चहाच्या रंगाच्या पाण्याचा सरळ पट्टा. आत काय आहे ते दिसत नाही. ते समजून घ्यायला एक छोटा वजनदार तुकडा असतो, खाली बूच लावलेला. गळाचं टोक त्या बुचात रोवायचं आणि पाण्यात सोडायचं. मामांनी तो हातात घेऊन फिरवला. "हा तर गवंड्याचा ओळंबा." त्यानंतर चारही दिवस आम्ही त्याला ओळंबाच म्हणालो.

पद्धत साधी आहे, पण घाई केली की फसते. तरंगती काडी दोरावर अंदाजाने सरकवायची आणि ओळंबा सोडायचा. काडी पाण्याखाली गडप झाली तर पाणी जास्त खोल आहे, काडी वर सरकवा. आडवी पडून राहिली तर पाणी कमी, खाली सरकवा. नुसतं तांबडं टोक पाण्याच्या पातळीला आलं की तेवढीच खोली. मग फूटभर पुढे टाकून परत तेच. काठाजवळ दोन फूट निघालं. पाच फुटांपर्यंत तोच सपाट ओटा. तिथून तळ घसरत जातो आणि काठापासून अकरा फुटांवर साडेचार फूट भरतो. मध्ये नावांच्या वाटेवर पाच. पलीकडे बोरूच्या मुळाशी परत दोन. मी वहीत आडवा छेद काढला. उताराचा पायथा, म्हणजे अकरा फुटांची जागा, तिथे फुली मारली. वरून ओघळलेलं सगळं खाणं तिथे येऊन थांबतं आणि टेंच त्या पायथ्याने चरत जातो.

मामा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आम्ही कधी मोजलं न्हाई."

"का?"

"आम्हाला ठावं होतं."

मामांचं जुनं गाव पळसदेवच्या अंगाला, भीमेच्या काठी. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं तोवर ते पाण्यात गेलं होतं. मामा तेव्हा विशीत होते. भिगवणला घर झालं, एसटीची नोकरी लागली, पण सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन ते त्याच पाण्यावर जायचे, कुणाची तरी होडी मागून. जुनी गाडीवाट कुठून जात होती, पाटलाच्या मळ्याचा बांध कुठे होता, विहीर कुठे, चिंचेचं झाड कुठे, हे सगळं त्यांच्या पायांना पाठ. "मृगळ बांधाच्या कडेनं चरतोय. रानात ढोर चरतं तसाच. त्या बांधावर मी औत घेऊन उभा राहिलेलो हाय. मला ओळंबा कशाला?"

हे मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी काठावर बसूनही ऐकलं नव्हतं.

अंधार पडायच्या आधी क्लबची परवानगी असलेला छोटा दाताळ दोरीने ओढून फुलीवरची जागा साफ केली. शेवाळ आणि काळा गाळ वर आला. तळ असा ढवळला की गाळातल्या अळ्या आणि गोगलगाई उघड्या पडतात, आणि टेंच पळून जायच्या ऐवजी काही तासांत तिथेच येतो. मग ब्रेडचा चुरा आणि मक्याचे दाणे यांचे संत्र्याएवढे दोन गोळे टाकले आणि परतलो.

दुसरा दिवस, १६ जून

साडेतीनला उठलो. चहाचा थर्मास, डबा, दोन काठ्या, दोन घडीच्या खुर्च्या. चारला पाण्यावर पोहोचलो तेव्हा कालव्यावर हातभर धुकं होतं आणि पलीकडच्या बोरूत काहीतरी चुळबुळत होतं. उजाडल्यावर काळा पक्षी बाहेर आला, कपाळावर पांढरा टिळा. मामा पुढे वाकले. "वारकरी! हा हितं कसा?" हा भिगवणला हिवाळ्यात शेकड्यांनी दिसतो. थोड्या वेळाने खंड्या निळी रेघ ओढत गेला आणि मग राखी बगळा. तिन्ही आपलेच. मामांचे खांदे तिथे सैल झाले. परक्या जागेचं अवघडलेपण गेलं.

आता काडीबद्दल. मी वापरते ती मोरपिसाच्या दांड्याची, सहा इंचांची, टोकाला तांबडा रंग. मामांनी नखाने रंग खरवडून बघितला होता, आतला पांढरा हलका भेंडासारखा गाभा बोटाने दाबला होता आणि काही न बोलता परत दिली होती. आम्ही लहानपणी हीच वापरायचो, रानात गळून पडलेल्या पिसांची. इंग्लंडमध्येही पिढ्यानपिढ्या या कामासाठी मोरपिसालाच मान आहे.

फरक बांधण्यात आहे. आमची काडी वरखाली दोन ठिकाणी बांधलेली असायची. इथे फक्त खालच्या टोकाला, रबराच्या छोट्या नळीने. गळापासून तीन इंचांवर एकच जड छरा. काडी खोलीपेक्षा अर्धा फूट जास्त वर ठेवायची. टाकल्यावर छरा तळाशी बसतो, मग दोर हळूहळू ताणत न्यायचा. ताण बसला की आडवी काडी उठून उभी राहते आणि फक्त तांबडं टोक वर उरतं. काठी टेकूवर ठेवायची, हातात धरायची नाही, कारण हात हलला की ताण हलतो.

टेंच डोकं खाली आणि शेपूट वर करून तळातलं खाणं उचलतो. तोंडात घेतलं की सरळ होतो. सरळ होताना तीन इंचांवरचा तो छरा त्याच्याबरोबर तळावरून उचलला जातो. छरा उचलला की दोराचा ताण गेला, ताण गेला की काडीला खाली धरून ठेवणारं काही उरलं नाही. काडी वर येते, वर येत राहते आणि आडवी पडते. बुडत नाही. १९५० च्या दशकात बकिंगहॅमशायरच्या फ्रेड जे. टेलर आणि त्याच्या भावांनी ही रीत सगळ्यांना माहीत करून दिली. इथे तिला लिफ्ट म्हणतात.

छरा शिशाचा नाही, हे मामांनी दाताने दाबून ओळखलं. शिसं दाताला मऊ लागतं. इथे हंस तळातले खडे गिळताना शिशाचे छरे गिळत आणि विष चढून मरत. म्हणून १९८७ पासून गळाला लावायच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे. अगदी बारीक दाणे आणि २८ ग्रॅमच्या वरची मोठी वजनं तेवढी त्यातून वगळली आहेत. मामा म्हणाले, पोरांना आम्ही शिसं दातानं दाबायला शिकवायचो. पुढे काही बोलले नाहीत.

पाच वाजून गेले आणि फुलीवर बुडबुडे आले. कार्प नावाच्या दुसऱ्या माशाचे बुडबुडे मोठे, तुटक, भसकन येणारे. टेंचचे टाचणीच्या डोक्याएवढे, शेकड्यांनी, सोडा ओतल्यासारखे फसफसत येतात आणि एका जागी न थांबता वीतभर सरकतात. तो गाळ तोंडात घेऊन चाळतो आणि त्यातला वायू असा बारीक होऊन बाहेर पडतो. बुडबुड्यांचा पट्टा मामांच्या काडीकडे सरकत होता. माझा घसा कोरडा पडला.

काडी थरथरली. मग सावकाश, कुणी खालून बोटाने ढकलावं तशी, इंच इंच वर आली. तांबडं टोक, मग पांढरा दांडा, मग अख्खी काडी आडवी झाली.

"मामा, ओढा!"

"बुडू दे की."

ती बुडली नाही. आडव्याची परत उभी झाली आणि गळ उघडा आला.

पन्नास वर्षांची सवय आहे. काडी बुडाली की हिसका, हे हातात भिनलेलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा मामांनी लवकर ओढलं, काडी नुसती शहारली तेव्हाच, आणि मासा घाबरून गेला. बुडबुडे थांबले. अर्धा तास काहीच नाही. मी थर्मास उघडला. मामांनी चहा घेतला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते त्या तांबड्या ठिपक्याकडे बघत बसले. मला वाटलं, उगाच आणलं यांना, घरी बसून निवांत पेपर वाचला असता.

सहाच्या सुमारास परत फसफस सुरू झाली. या वेळी मामांनी मक्याचा दाणा काढून स्वतःची कणीक लावली, हरभऱ्याएवढी गोळी. काडी वर यायला लागली तेव्हा त्यांचा उजवा हात काठीवर गेला आणि तिथेच थांबला. पांढरा दांडा दोन बोटं दिसला. आडवी पडायच्या क्षणी त्यांनी मनगट उचललं, हिसका न देता, नुसतं उचललं. काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

टेंच सुसाट पळत नाही. तो जड असतो, खाली दाबतो, डोकं शेवाळात खुपसतो, आणि त्याच्या गोल, रुंद शेपटीचा प्रत्येक फटका काठीतून खांद्यापर्यंत येतो. मामांनी दोर सोडला, घेतला, परत सोडला. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. पाचेक मिनिटांनी मी जाळी खाली सरकवली.

हात आधी पाण्यात ओले करून घेतले. कोरडा हात लागला तर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. ओल्या गादीवर ठेवला आणि आम्ही दोघं वाकलो. ऑलिव्हचा गडद हिरवा रंग, पोटाकडे पितळेसारखा. खवले इतके बारीक की बोट फिरवलं तर खवला लागतच नाही, ओल्या साबणावरून फिरवल्यासारखं. तोंडाच्या कोपऱ्यांत एक-एक इवलीशी मिशी. आणि डोळा : लहान, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. पोटाखालचे पर मोठे, पळीसारखे होते, म्हणजे नर. मादीचे लहान असतात. चार पौंड दोन औंस. आपल्या हिशेबाने पावणेदोन किलोच्या वर. जुन्या इंग्रजांची समजूत होती की आजारी मासे याच्या चिकट अंगाला घासून बरे होतात, म्हणून याला डॉक्टर मासाही म्हणत.

मामांनी मान वर केली. "पिशवी कुठं हाय?"

मी सांगितलं की सोडायचा.

"सोडायचा?"

पासावर लिहिलंय, मी म्हणाले. क्लबचा नियम आहे, धरलेला प्रत्येक मासा परत. मामा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या लेखी धरून सोडणं म्हणजे माशाला विनाकारण त्रास देणं, आणि या मताला मी तोडीस तोड उत्तर आजवर देऊ शकलेले नाही. "मग धरला कशाला?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बघायला. असा मासा दहा-बारा वर्षांचाही असू शकतो, मामा.

"धा वर्सं? या चार फुटांत?"

मग त्यांनी स्वतःच तो दोन्ही हातांत घेतला, काठावर गुडघे टेकले आणि पाण्यात धरून ठेवला. हात काढून घेतले तरी मासा काही वेळ तिथेच थांबला. मग गेला. मामा गुडघ्यांवरून बराच वेळ उठले नाहीत. उठल्यावर म्हणाले, "कालवणाला दोन वेळ पुरला असता." आवाजात राग नव्हता. हळहळ होती, आणि ती मला समजत होती.

नऊपर्यंत आणखी दोन मिळाले, एक माझा, एक त्यांचा. मग लांबट नावा सुरू झाल्या, पाणी ढवळून गढूळ झालं. दिवसभर झोपलो.

तिसरा दिवस, १७ जून

पहाटेपासून पाऊस आणि अंगाला झोंबणारा वारा. काडी उभीच राहीना. वाऱ्याने दोराला पोट यायचं आणि ताण बिघडायचा. त्यात क्रेफिशने छळलं. हे अमेरिकन झिंग्यासारखे प्राणी १९७० च्या दशकात पाळायला आणले, ते निसटले आणि नद्या-कालव्यांत पसरले. स्थानिक जात त्यांच्यामुळे संपत आली आहे. काडी थरथरते, सरकते, पण उठत नाही, आणि गळ वर काढावा तर कणीक कुरतडलेली. एक तर नांगीने दोर धरूनच वर आला. याला परत पाण्यात सोडणं बेकायदेशीर आहे. मामांनी दोन्ही नियम शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि मान हलवली.

आठला गाशा गुंडाळला आणि दोन मैलांच्या आतलं विल्कट गाव गाठलं, काठाकाठाने चालत. तिथे कालवा अचानक रुंद होतो, तळ्यासारखा, आणि त्याच्या टोकाला एक नक्षीदार दगडी पूल आहे, १८०८ चा. एरवी या कालव्यावरचे पूल साधे विटांचे. याची गोष्ट अशी की ही जमीन लेडी सुझाना रॉटन यांची होती. आपल्या वाड्यासमोरून मालाच्या नावांचा ओहोळ जाणार हे त्यांना रुचलं नाही. मग कंपनीने ५०० पौंड दिले, नजरेला शोभेल असं रुंद पाणी करून दिलं आणि वर कोरीव पूल बांधला.

मी हे उत्साहाने सांगत होते. पुलाच्या कठड्यावरून मामांचा हात फिरत होता, दगडातली पानं चाचपत. "एका बाईसाठी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

"आमच्यात पूल मागायचं कुणाच्या डोस्क्यातच आलं न्हाई."

पावसात बराच वेळ आम्ही तिथे उभे होतो. मग त्यांनी विचारलं की या कालव्याचं पाणी जमिनीत जिरत कसं नाही. मी सांगितलं की तळाला आणि बाजूंना चिकणमातीचा जाड थर आहे, पाणी घालून तुडवून तुडवून घट्ट केलेला. "म्हणजे माळवदावानी," मामा म्हणाले. जुन्या घराच्या माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती घालायचं काम त्यांच्याकडे असायचं. ते त्यांनी परतीच्या वाटेवर मला सविस्तर सांगितलं : माती कुठून आणायची, किती चाळायची, पन्हाळीकडे उतार कसा ठेवायचा. ते माळवद उजनीच्या पाण्याखाली आहे.

संध्याकाळी वारा पडला. मी एकटी तासाभरासाठी गेले आणि चूक केली. पलीकडच्या बोरूच्या कडेला कार्प चरताना दिसला, मोठाले बुडबुडे, गाळाचा ढग. टेंचसाठी लावलेला पाच पौंडांचा, म्हणजे तेवढाच ताण पेलणारा दोर न बदलता मी तिथेच टाकला. काडी उठली नाही, एका दमात तिरकी ओढली गेली. मासा बोरूत शिरला आणि दोर तटकन तुटला. गळ त्याच्या तोंडात राहिला. माझे गळ बिनकाट्याचे असतात, बहुतेक वेळा सुटून पडतात, पण ते पडायच्या आधी मला झोप लागणार नव्हती. खोलीत आल्यावर मामांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्या जाड तंगूस लाव." एवढंच.

चौथा दिवस, १८ जून

दोन्ही रिळांवर दहा पौंडांचा दोर. गळ मोठा. आणि बोरूच्या कडेला न जाता, बोरूपासून चार फूट अलीकडे, जिथे तळ उतरायला लागतो. ती जागा मामांनी निवडली. पहिल्या दिवसाच्या वहीतला माझा छेद त्यांनी मागून घेतला होता आणि खुर्चीत बसून काल रात्री बराच वेळ बघितला होता. "खाऊन माघारी जाताना हितनं उतरंल," बोट ठेवून म्हणाले.

पावणेसहाला काडी उठली, नीट, टेंचसारखी, आणि आडवी पडायच्या आत मामांनी मनगट उचललं. या वेळी मासा खाली दाबत बसला नाही. कालव्याच्या मधोमध तीस यार्ड सरळ गेला. रीळ किंचाळली. मामा उभे राहिले, काठी आडवी धरून त्याला बोरूपासून वळवत राहिले. मी जाळी घेऊन काठावर पालथी पडले होते आणि माझे कोपर थंड पाण्यात होते. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. जाळीत आला तेव्हा मामांनी एकदाच बघितलं.

"अगं, हा तर सिप्रनस!"

तोच. सायप्रिनस कार्पिओ. सोनेरी, मोठ्या खवल्यांचा, मिशांच्या दोन जोड्या. नऊ पौंड, म्हणजे चार किलो. उजनीतून भिगवणच्या बाजारात येतो तोच मासा. आपल्याकडे तो १९३९ मध्ये सिलोनहून निलगिरीत आणला आणि १९५७ मध्ये बँकॉकहून वेगळा वाण आला. इंग्लंडातही तो मूळचा नाही, मध्ययुगाच्या अखेरीला युरोपातून आला. आणि टेंच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात बोटीतून नेऊन उटीच्या तळ्यात सोडला होता. हे सगळं मी मासा ओल्या गादीवर असताना सांगितलं, भरभर, कारण त्याला फार वेळ बाहेर ठेवायचा नव्हता. १९५२ मध्ये रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर तळ्यात धरलेला ४४ पौंडांचा कार्प लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला होता, हेही सांगितलं. मामांनी फक्त एक विचारलं : तोंडात कालचा गळ हाय का बघ. तो मासा हाच असेल असं मानायला कारण नव्हतं. तरी मी ओठ उघडून नीट पाहिलं. नव्हता.

मामांनी तो सोडला. या वेळी पिशवी मागितली नाही. हात मात्र पाण्यात धुताना नाकाशी नेऊन वास घेतला. मीही घेतला. गाळाचा, काकडीसारखा, थंड वास.

आठला सामान आवरलं. काठ्या सुट्या करून ठेवल्या, उरलेली कणीक मामांनी काठावर न टाकता डब्यात परत घेतली. काड्या डबीत भरताना त्यांनी ओळंबा उचलला. "हा मला देशील?"

मी म्हणाले, घ्या की, पण तुम्हाला तर मोजायची गरज नाही.

"आता लागंल," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्सांचा गाळ हाय. पाऊस पडायच्या आत पाणी तळाला असंल तवर होडी घेऊन जातो. बांधावर किती चढलाय, वाटंवर किती, बघतो. आणि आपल्या उंबऱ्यावर."

ओळंबा त्यांनी रुमालात गुंडाळला आणि परवान्याच्या घडीशेजारी शर्टाच्या खिशात ठेवला.